चित्रीकरणस्थळी संवाद टिपताना

चित्रपटात किंवा मालिकेत नटाच्या तोंडचे वाक्य सहज ऐकू आले, तर त्यामागे कोणाचे श्रम आहेत याचा विचार प्रेक्षकाच्या मनात येत नाही. तेच वाक्य अर्धवट ऐकू आले, तर मात्र शेजारच्याला ‘काय म्हणाला?’ असे विचारेपर्यंत पुढचा प्रसंग सुरू झालेला असतो. चित्रीकरण चालू असतानाच नटाचा आवाज मुद्रित करून तोच अंतिम कृतीत वापरण्याच्या पद्धतीला या व्यवसायात ‘सिंक साउंड’ म्हणतात. याउलट चित्रीकरणाच्या वेळी केवळ संदर्भापुरता आवाज टिपून, नंतर स्टुडिओत पडद्यावरच्या ओठांच्या हालचालींशी जुळवून तेच संवाद नटाकडून पुन्हा बोलवून घेणे म्हणजे ‘डबिंग’. भारतीय चित्रपटांत दोन्ही पद्धती रुजलेल्या आहेत. यांपैकी पहिली पद्धत कलादृष्ट्या अधिक समृद्ध असूनही इतकी अवघड का ठरते, हे समजून घ्यायचे असेल तर आधी कान आणि माइक यांच्यातला फरक पाहावा लागतो.

गजबजलेल्या लग्नमंडपातही समोरच्या माणसाचे बोलणे ऐकणाऱ्याला कळते, कारण दोन कानांना मिळणाऱ्या माहितीच्या आधारे मेंदू आवाजाची दिशा ओळखतो आणि नको असलेले आवाज लक्षाबाहेर ठेवतो. माइकला अशी निवड करता येत नाही. त्याच्यापर्यंत पोचणारी हवेतली प्रत्येक हालचाल तो सारख्याच निष्ठेने नोंदवतो, आणि म्हणून सेटवर उभे असताना ज्याची जाणीवही झाली नव्हती तो पंख्याचा आवाज संकलनाच्या खोलीत संवादाइतकाच ठळक वाटू लागतो. यात भर पडते ती भाषेच्या रचनेची. बोलण्यातली बहुतेक ऊर्जा स्वरांत असते, पण शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. आणि स, श, च, ट, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा अंश क्षीण असून तो उच्च कंप्रतेच्या, म्हणजे दर सेकंदाला अधिक कंपने असणाऱ्या, साधारणपणे २,००० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात असतो. रातकिड्यांची किरकिर नेमकी याच पट्ट्यात, ४,००० ते ५,००० हर्ट्झच्या आसपास येते, त्यामुळे गावाकडच्या रात्रीच्या प्रसंगात आवाज पुरेसा मोठा असूनही शब्द मात्र कळत नाहीत, असा अनुभव येतो.

माइक आणि तोंड यांच्यातले अंतर ही या कामातली सर्वांत निर्णायक गोष्ट आहे. हे अंतर दुप्पट झाले की नटाच्या तोंडून थेट येणाऱ्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते, परंतु भिंतींवरून परतून येणारा घुमारा आणि आसपासचा गोंगाट मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. नंतर मुद्रण कितीही मोठे केले तरी हे प्रमाण बदलत नाही, कारण संवादाबरोबर घुमाराही तितकाच वाढतो. म्हणूनच ध्वनिमुद्रकाची सगळी धडपड माइक नटाच्या जवळ नेण्यासाठी असते, आणि त्याच ठिकाणी त्याचा छायालेखकाशी संघर्ष उभा राहतो. माइक जवळ हवा, पण तो चौकटीत दिसता कामा नये आणि त्याची सावलीही भिंतीवर पडता कामा नये.

यावरचा जुना आणि आजही सर्वांत विश्वासार्ह मार्ग म्हणजे ‘बूम’, अर्थात लांब काठीच्या टोकाला बसवलेला माइक. तो सामान्यतः नटाच्या डोक्याच्या वर, किंचित पुढे, चौकटीच्या कडेबाहेर धरला जातो. त्यासाठी वापरला जाणारा ‘शॉटगन’ प्रकारचा माइक समोरचा आवाज घेतो आणि त्याच्या नळीला बाजूने असलेल्या फटींमुळे कडेने येणारे आवाज बऱ्याच अंशी एकमेकांना छेदून क्षीण होतात. उघड्या मैदानात ही रचना उत्तम चालते. लहान, टणक भिंतींच्या खोलीत मात्र परावर्तित आवाज फटींतून शिरून बोलण्याला पोकळ छटा आणतो, म्हणून अनुभवी ध्वनिमुद्रक बंद खोलीत आखूड माइक पसंत करतात. बूम धरणाऱ्या माणसाचे काम बाहेरून हमालीचे वाटते; प्रत्यक्षात त्याला सर्व नटांचे संवाद जवळजवळ पाठ असावे लागतात, कारण एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू होण्याआधीच माइकचे तोंड वळलेले हवे. कॅमेऱ्याला कोणते भिंग लावले आहे, प्रकाश कोणत्या बाजूने येतो आणि नट कोणत्या शब्दाला उठून खिडकीकडे जाणार आहे, हे सगळे त्याने डोक्यात ठेवायचे, आणि तेही डोक्यावर धरलेली काठी न हलवता. सेटवरच्या कौशल्याच्या कामांत याची गणना वरच्या क्रमाने व्हायला हवी, पण तशी ती क्वचितच होते.

चौकट मोठी असेल तेव्हा बूम दूर जातो, आणि मग कपड्यांत लपवलेल्या ‘लेपल’ माइकचा आधार घ्यावा लागतो. हा छोटा माइक छातीवर, पदराखाली किंवा कॉलरच्या आत चिकटवला जातो आणि त्याचा बिनतारी प्रेषक कमरेला बांधला जातो. तो तोंडाच्या जवळ असला तरी हनुवटीखाली असल्याने व्यंजनांतला तीक्ष्ण अंश त्याच्यापर्यंत पुरता पोचत नाही, छातीतला गुंजारव मात्र जास्त येतो, आणि वरून कापडाचा थर आला की उरलीसुरली स्पष्टताही दबते. भारतीय वेशभूषेत ही अडचण अधिकच वाढते. कडक कांजी केलेले सुती धोतर, जरीचा पदर, नव्या रेशमाची सळसळ, मंगळसूत्राच्या वाट्यांचा माइकवर होणारा स्पर्श, हातातल्या बांगड्यांचा नेमक्या महत्त्वाच्या शब्दावर होणारा किणकिणाट, यांपैकी कोणतीही गोष्ट ध्वनिमुद्रकाच्या अखत्यारीत नसते. ती वेशभूषाकाराच्या निवडीवर अवलंबून असते. वेशभूषा ठरवताना ध्वनिमुद्रकाला विचारले गेले, तर बांगड्यांमध्ये पारदर्शक चिकटपट्टी लावणे, आतल्या बाजूस मऊ कापड शिवणे असे साधे उपाय आधीच होऊ शकतात. बिनतारी लहरींच्या पट्ट्यांतही गर्दी असते, आणि जवळच दुसरे युनिट काम करत असेल तर दोघांच्या उपकरणांत व्यत्यय येऊ शकतो.

स्थळाची निवड हा यापुढचा, आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित, भाग आहे. चित्रीकरणापूर्वी जागा पाहून येण्याला युनिटच्या बोलीत ‘रेकी’ म्हणतात. या रेकीला दिग्दर्शक, छायालेखक आणि कलादिग्दर्शक जातात. ध्वनिमुद्रकाला पुष्कळदा पहिल्या दिवशीच त्या जागेचे दर्शन होते, तेव्हा मागच्या बाजूला पत्र्याचा कारखाना आहे किंवा छप्पर सिमेंटच्या पत्र्याचे असून पावसाची एक सर आली तरी काम थांबणार आहे, हे लक्षात येऊन उपयोग नसतो. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे, तेथे पक्षी आणि कीटक आपल्या वेळेनुसार गातात. शहरातल्या बंगल्यांत रिक्षा, शेजारचे बांधकाम आणि वरून जाणारी विमाने असतात. सतत येणारा एकसारखा आवाज त्यातल्या त्यात परवडतो. खरी पंचाईत मधूनच येऊन जाणाऱ्या आवाजाने होते, कारण एकाच प्रसंगाचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या वेळी चित्रित होतात आणि पहिल्या तुकड्यात विमान ऐकू येऊन दुसऱ्यात ते अचानक नाहीसे झाले, तर जोड उघडी पडते. हे सांधे बुजवण्यासाठी प्रत्येक जागी सर्वांना अर्धा-एक मिनिट निःशब्द उभे करून त्या जागेची रिकामी शांतता मुद्रित करतात. तिला ‘रूम टोन’ म्हणतात. कामाच्या घाईत हे अर्धे मिनिट मिळवण्यासाठीही ध्वनिमुद्रकाला आग्रह धरावा लागतो.

सेटच्या आतले आवाजही कमी नसतात. प्लायवूडच्या पोकळ जमिनीवर पावले ढोलासारखी वाजतात, दिव्यांच्या यंत्रणेतले पंखे आणि जनरेटर व्हॅन सतत घुमत राहतात, आणि वातानुकूलन बंद करावे तर तापलेल्या दिव्यांखाली नटांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरू लागतो. घरात चित्रीकरण असेल तर फ्रीज बंद करावा लागतो. तो पुन्हा सुरू करायचा राहू नये म्हणून आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवण्याची युक्ती जगभरच्या ध्वनिमुद्रकांत प्रसिद्ध आहे.

या अडचणी बोलपटाच्या जन्माइतक्याच जुन्या आहेत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झालेला अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ बराचसा रात्री चित्रित झाला, कारण स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ होता आणि गाड्यांची वर्दळ थांबल्याशिवाय मुद्रण करणे शक्य नव्हते. प्रभात फिल्म कंपनीच्या व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अयोध्येचा राजा’मध्ये (१९३२) संवादांबरोबर गाणीही कॅमेऱ्यासमोरच गायली गेली, कारण पार्श्वगायनाची पद्धत १९३५ नंतर रूढ झाली. म्हणजे सिंक साउंड ही आपल्याकडे नव्याने आयात झालेली कल्पना नव्हे. आपले पहिले बोलपट याच पद्धतीने झाले. पुढे वजनाला हलके पण चालताना खडखडणारे कॅमेरे घेऊन युनिटे स्टुडिओबाहेर पडली, बाहेरच्या गर्दीवर कोणाचे नियंत्रण नव्हते, आणि डबिंग ही तात्पुरती सोय न राहता व्यवसायाची सवय झाली. या सवयीला मोठ्या प्रमाणावर छेद देणाऱ्या कृतींत ‘लगान’चे (२००१) नाव घ्यावे लागते. कच्छमध्ये भूजजवळ उघड्यावर, मोठ्या जनसमुदायासह चित्रित झालेल्या या चित्रपटाचा संवाद स्थळावरच मुद्रित झाला आणि त्यासाठी नकुल कामटे व एच. श्रीधर यांना ध्वनिलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००९ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांपासून काही वर्षे प्रत्यक्ष स्थळावर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा स्वतंत्र सन्मानही होत असे.

मराठीच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व विशेष आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा नगरी बोलीतले हेल, वाक्याच्या शेवटी घेतलेला श्वास, चालता चालता तुटलेला शब्द, हे सारे अभिनयाचाच भाग असते आणि दोन महिन्यांनी बंद खोलीत काचेपलीकडच्या पडद्याकडे पाहत उभ्या असलेल्या नटाला ते जसेच्या तसे परत आणणे जवळजवळ अशक्य असते. ज्यांनी पूर्वी कधी अभिनय केलेला नाही अशा गावकऱ्यांना घेऊन चित्रपट केला, तर अडचण आणखी वाढते, कारण ओठ जुळवून बोलणे हे स्वतंत्र तंत्र आहे आणि ते त्यांना अवगत नसते. भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’साठी महावीर सब्बनवाल यांना २०१४ सालचा स्थळध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मेंढरांच्या कळपामागे फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची ही कथा उघड्या रानात, वाऱ्यात आणि जनावरांच्या सान्निध्यात घडते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सन्मानाचे मोल कळते.

दूरचित्रवाणी मालिकांत वेळ हाच मोठा शत्रू ठरतो. दररोज एक भाग प्रसारित करायचा असल्याने एकाच वेळी दोन-तीन कॅमेरे लावले जातात. एक दूरचे दृश्य घेतो, दुसरा चेहरा जवळून टिपतो, आणि दूरच्या चौकटीमुळे बूम इतका वर जातो की जवळच्या चेहऱ्याचा आवाजही लांबून आल्यासारखा वाटतो. परिणामी सर्व भार लेपल माइकवर पडतो. घरातल्या सपाट टीव्हीचे ध्वनिक्षेपक लहान असतात आणि बहुधा मागच्या किंवा खालच्या बाजूला असतात, त्यामुळे मुद्रणातला प्रत्येक दोष प्रेक्षकाच्या घरी वाढूनच पोचतो. वर मोठे पार्श्वसंगीत घातले की वृद्ध प्रेक्षकांना संवाद समजणे खरोखरच कठीण होते.

आजच्या यंत्रांनी काही चिंता नक्कीच कमी केल्या आहेत. प्रत्येक माइक वेगळ्या मार्गिकेवर मुद्रित होतो, ‘३२ बिट फ्लोट’ पद्धतीच्या मुद्रणात नट अचानक ओरडला तरी आवाज सहसा फाटत नाही, आणि संगणकावर गोंगाट व घुमारा बराच कमी करता येतो. पण ही साधने आधीच मुद्रित झालेल्या आवाजावरच काम करतात. जे व्यंजन माइकपर्यंत पोचलेच नाही ते त्यांना खात्रीने परत आणता येत नाही, आणि सफाईचा अतिरेक झाला की माणसाचा आवाज धातूसारखा, निर्जीव होतो. ‘नंतर बघू’ हे सेटवर वारंवार उच्चारले जाणारे वाक्य म्हणूनच महागात पडते. कॅमेरा बंद झाल्यावर लगेच, तीच मनःस्थिती ताजी असताना, नटाकडून अडलेली वाक्ये केवळ आवाजासाठी पुन्हा म्हणवून घेणे, ज्याला ‘वाइल्ड ट्रॅक’ म्हणतात, याला पाच मिनिटे लागतात आणि त्यातून डबिंगचा एखादा दिवस वाचू शकतो.

मराठी निर्मात्यांचे अंदाजपत्रक मोठे नसते हे खरे, पण येथे जे करायला हवे त्यातले पुष्कळसे पैशावर अवलंबून नाही. ध्वनिमुद्रकाला रेकीला सोबत न्यावे, जागा मुक्रर करण्यापूर्वी दिवसाच्या ज्या वेळी चित्रीकरण होणार आहे त्याच वेळी तेथे डोळे मिटून दहा मिनिटे ऐकावे, वेशभूषेच्या बैठकीत त्याला बसवावे, आणि त्याने ‘आणखी एक टेक हवा’ म्हटले तर छायालेखकाच्या मागणीइतकाच त्या मागणीचा मान राखावा.