आडून बोललेलं वाक्य

सासूबाई लेकीला म्हणतात, 'अगं, भांडी अशी ओली ठेवू नयेत.' लेक मान डोलावते आणि सून मुकाट्याने फडकं उचलते. लेकी बोले, सुने लागे. थेट न बोलता बोलायची ही रीत आपल्याकडे इतकी मुरलेली, की तिची म्हण झाली. घरात ती खपून जाते. विमानाच्या कॉकपिटमध्ये मात्र ती माणसांच्या जिवावर बेतते.

१३ जानेवारी १९८२. वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७ धावपट्टीवर वेग घेत होतं. इंजिनाचा जोर मोजणारी नळी गोठलेली, त्यामुळे काटा खऱ्यापेक्षा जास्त जोर दाखवत होता. सहवैमानिकाला ते खटकलं. हे काही बरोबर दिसत नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. गंमत पाहा, त्या वेळी विमान चालवणारे हात त्याचेच होते! पण उड्डाण रद्द करायचा निर्णय कॅप्टनचा, आणि 'थांबूया' एवढा शब्द काही सहवैमानिकाच्या तोंडून निघाला नाही. उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटात विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळलं. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ जण गेले.

ऊटे फिशर आणि जूडिथ ओरासनू या संशोधकांनी पुढे वैमानिकांच्या बोलण्याचा अभ्यास केला. अडचणीच्या प्रसंगी तुम्ही सहकाऱ्याला काय म्हणाल, असं त्यांनी विचारलं. कॅप्टनांचा कल हुकमाकडे होता: 'डावीकडे वळ.' सहवैमानिकांचा सूचकतेकडे: 'पुढचा ढग जरा मोठा दिसतोय, नाही?' संकट एकच, पण हुद्दा बदलला की वाक्याचं व्याकरणच बदलतं!

मग धाकट्यांना धीट व्हायला शिकवायचं का? विमानसेवेने शोधलेलं उत्तर याहून चतुर होतं. १९७८ साली पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान इंधन संपून पडलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन घटतंय हे सहकाऱ्यांना कळत होतं, पण त्यांचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचेल इतकं ठाम नव्हतं. १० जण दगावले. १९७९ मध्ये नासाने या विषयावर परिषद भरवली आणि १९८१ पासून युनायटेडने कॅप्टनसकट सगळ्यांना नवं प्रशिक्षण सुरू केलं. वरिष्ठाने मत मागायचं, ऐकायचं, मगच ठरवायचं. धाकट्यासाठी पुढे पाच पायऱ्यांचं बोलणंही रुळलं: हाक मारा, काळजी सांगा, अडचण मांडा, उपाय सुचवा, होकार विचारा. 'कॅप्टन, मला काळजी वाटतेय. इंधन थोडंच उरलंय. आता उतरूया. पटतंय का?' यात ना उद्धटपणा, ना आडपडदा.

या प्रशिक्षणाचा कस लागला १९ जुलै १९८९ रोजी. आयोवावरून जाणाऱ्या युनायटेडच्या डीसी-१० चं मागचं इंजिन फुटलं आणि विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. अशा वेळी काय करावं, हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. प्रवासी म्हणून बसलेले वैमानिकांचे प्रशिक्षक डेनिस फिच मदतीला पुढे आले, तर हेन्स यांनी त्यांच्या हाती थ्रॉटल सोपवले. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत चौघांनी विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. ते उतरताना मोडलं, ११२ जण गेले. पण २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स याचं श्रेय त्या प्रशिक्षणालाही देत.

हीच युक्ती सर्जन डॉ. अतुल गवांदे यांनीही शस्त्रक्रियागृहात नेली. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या चमूने शस्त्रक्रियेवेळी तपासायच्या १९ मुद्द्यांची यादी केली. त्यातला एक मुद्दा असा: चीर देण्याआधी सर्जनपासून नर्सपर्यंत सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. एकदा नाव सांगायला तोंड उघडलं, की पुढे शंका सांगायलाही उघडतं!

तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर बैठकीत आपलं मत सर्वांत शेवटी सांगा. एकाची तक्रार घेऊन दुसरा केबिनमध्ये आला, तर निवाडा करायला बसू नका. 'त्याच्याशी बोललास का?' विचारा, आणि नसेल तर दोघांना समोरासमोर बसवून त्याच पाच पायऱ्या चढायला सांगा. आणि तुमची चूक तोंडावर दाखवणाऱ्या पहिल्या माणसाचे सगळ्यांदेखत आभार माना. पुढच्या वेळी बोलायचं की नाही, हे बाकीचे त्यावरूनच ठरवतात.