वाई–महाड–वाई, टक्क्यांच्या हिशेबात

पहाटे ५.३०

गाडी रात्रभर अंगणात पंधरा अँपिअरच्या प्लगवर लावलेली असते. स्क्रीनवर १०० टक्के. डिसेंबरातलं दव काचेवर जमलेलं, ते फडक्यानं पुसायचं, चहा मारायचा आणि निघायचं. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं आहेत, म्हणजे गाडी इलेक्ट्रिक आणि भाड्याची. बॅटरी ४० युनिटची. घरच्या मीटरवरचं युनिट तेच बॅटरीतलं युनिट, त्यामुळे हिशेब सोपा जातो. एक टक्का म्हणजे ०.४ युनिट.

६.१५, पसरणी घाट

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १,३०० च्या जवळ. मधे बारा-एक किलोमीटरचा घाट. गाडीत मी एकटाच, तरी पाचगणीला पोचेपर्यंत दहा टक्के जातात. नवीन माणूस इथेच घाबरतो. बारा किलोमीटरला दहा टक्के, मग शंभर टक्क्यांत सव्वाशे किलोमीटर तरी होतील का, असं गणित तो मांडतो. घाटात हे किलोमीटरचं गणितच चालत नाही. इथे आधी उंची मोजायची आणि मग अंतर. दोन टनांची भरलेली गाडी एक किलोमीटर उंच न्यायला साडेपाच युनिट लागतात. मोटर कुठल्याही कंपनीची असो, त्यात सूट नाही.

पाचगणीपुढे रस्ता वरखाली होत राहतो. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर धुकं, कडेला स्टॉल मांडणारी माणसं. महाबळेश्वरात शिरताना ८६ टक्के. हे मला हवे तसेच आहेत.

८.००, हॉटेलचं पार्किंग

भाडं आहे एका काका-काकूंचं, महाडपर्यंत. ते नाश्ता उरकताहेत तोवर शेजारच्या गाडीचे साहेब गप्पा मारायला आले. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं, म्हणजे स्वतःची गाडी. हॉटेलच्या चार्जरवर रात्रभर लावून त्यांनी पूर्ण शंभर केली होती आणि आता पोलादपूरला उतरायचं होतं.

“साहेब, आंबेनळी उतरायचाय ना? मग नव्वदवर काढायची होती.”

“का? फुल्ल असलेली बरी ना!”

बॅटरी भरलेली असेल तर उतारावर तयार होणारी वीज ठेवायची कुठे? गाडी मग ही वीज बनवणं, म्हणजे रिजन, जवळजवळ बंद करते आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. त्यात रात्रभर थंडीत उभी असलेली बॅटरी गार असते, आणि गार बॅटरी जोराचं चार्जिंग घेत नाही. रोज रिजनवर गाडी हळू करायची सवय लागलेल्या माणसाला पहिल्याच वळणावर गाडी पुढे पळाल्यासारखी वाटते. मी त्यांना म्हटलं, आधी आर्थर सीट फिरून या, तेवढ्यात थोडे टक्के उतरतील आणि बॅटरीही जरा गरम होईल. साहेबांच्या मिसेस हसल्या, त्यांना नाहीतरी आर्थर सीटला जायचंच होतं.

चार्जर वर असला की शंभर करायचा मोह होतो. माझ्या मते घाटमाथ्यावरच्या प्रत्येक हॉटेलनं चार्जरशेजारी एक पाटी लावावी: खाली उतरणार असाल तर दहा टक्के जागा ठेवा.

८.४०, आंबेनळी घाट

महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीस किलोमीटर आणि सुमारे १,३०० मीटरचा उतार. दिवसाचा खरा भाग हा.

स्क्रीनवरचा आकडा उणे होतो. उणे सहा, उणे दहा किलोवॉट. तीव्र उतारावर वळणाआधी वेग कमी करताना उणे वीसच्या पुढेही जातो. घरचा प्लग तीन किलोवॉट देतो, म्हणजे उतारावर गाडी अंगणातल्यापेक्षा जोरात चार्ज होत असते. चाकं मोटरला फिरवतात, मोटरचा जनरेटर होतो आणि तोच गाडीला धरून ठेवतो.

रिजनचे तीन टप्पे आहेत. मी दुसऱ्यावर ठेवतो. तिसऱ्यावर जास्त वीज मिळते असा पुष्कळांचा समज आहे, पण उंची तेवढीच, वीज तेवढीच. तिसऱ्या टप्प्यावर पाय उचलला की गाडी हिसका देऊन थांबू पाहते, मग पुन्हा पाय द्यावा लागतो. काढलेली वीज परत मोटरला द्यायची, त्यात दोन्ही बाजूंनी थोडी वाया. शिवाय मागे बसलेल्याच्या पोटात ढवळतं. काकूंनी आवळा सुपारी तोंडात धरूनच ठेवली होती. दोन वळणं पुढचं पाहून पाय हळूहळू उचलत गेलो की गाडी एका लयीत उतरते. पावसाळ्यात शेवाळलेल्या वळणांवर मी पहिल्या टप्प्यावर येतो, कारण माझ्या गाडीत रिजन फक्त पुढच्या चाकांवर लागतं आणि ओल्या रस्त्यावर ती सरकू शकतात.

काका रेल्वेतून निवृत्त, कर्जत–लोणावळा घाटात नोकरी झालेली. ते कधीपासून स्क्रीनकडे बघत होते.

“हे आम्हाला नवीन नाही रे. बोरघाटात सदतीसला एक असा चढ. तिथं जुनी खेकडा इंजिनं उतरताना वायरीत करंट परत ढकलायची.”

“मग तो करंट जायचा कुठे, काका?”

“दुसरी गाडी चढत असेल तर ती ओढणार. तुझं काय? तुला वायर कुठंय?”

नेमका मुद्दा. रेल्वेला घेणारा कोणीतरी त्याच तारेवर असतो, मला फक्त माझी बॅटरी. म्हणून ती जागा मलाच राखावी लागते.

प्रतापगड फाट्याजवळ एक टेम्पो कडेला उभा. लायनर तापल्याचा तो करपट वास काच बंद असूनही आत आला. ड्रायव्हर चाकाशी उकिडवा बसला होता. वजनदार गाडी वरच्या गिअरात सोडली की असं होतं. दहा मिनिटं थांबला तर ड्रम निवतील, पण गडबड असते प्रत्येकाला.

पोलादपूरला ९२ टक्के. म्हणजे सहा टक्के, जेमतेम अडीच युनिट. उंचीत साठलेली होती सातच्या आसपास. टायरचं घर्षण आणि हवा मिळून तीनेक खातात, बाकीचं मोटर, बॅटरी आणि काकूंचा हीटर. काका म्हणाले, “एवढंच?” डिझेल गाडी गिअरात उतरते तेव्हा फार तर डिझेल पीत नाही, टाकीत थेंबभरही परत टाकत नाही. त्या मानानं एवढं पुष्कळ आहे.

११.००, महाड

८६ टक्के. सकाळी घाटमाथ्यावर होते तेवढेच. हवा दमट, स्वेटर डिकीत. चार्जर शोधायची गरज नाही, म्हणून जेवण निवांत, वर सोलकढी आणि मग गाडीतच झोप. एक काम मात्र करतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर मुद्दाम जोरात दोन-चार ब्रेक मारतो. रिजनमुळे पॅड झिजतच नाहीत, गॅरेजवाला त्यावर खूश नसतो, पण कोकणच्या हवेत न वापरलेल्या डिस्कवर गंज धरतो.

२.३०

परतीचं भाडं, चार माणसं आणि बॅगा. पोलादपूरला ८०. स्क्रीन भली मोठी रेंज दाखवते, कारण तिच्या हिशेबात सकाळचा उतार अजून आहे. तिकडे बघायचं नाही. आंबेनळी चढायला तीस टक्के धरायचे, स्क्रीन काहीही म्हणो. चढताना एसी चालू ठेवला तरी फार फरक पडत नाही, बारा युनिटच्या चढात एसीचं सव्वा-दीड युनिट.

मागच्या सीटवरच्या मुलानं दर दहा मिनिटांनी टक्के मोठ्यानं वाचले आणि त्याच्या आईचा चेहरा उतरत गेला. महाबळेश्वरला ५०. आता स्क्रीन म्हणते, वाईपलीकडे फार लांब जाता येणार नाही. सकाळी जास्त बोलत होती, आता कमी.

६.००, परत पसरणी

पाचगणीपर्यंत ४५. घाट उतरून वाईत ४८. दिवसभरात एकशे ऐंशी किलोमीटर, दोन घाट, वापर २१ युनिटच्या आत. सपाट रस्त्यावर पुण्याकडे ऐंशीच्या वेगानं इतकंच चाललो असतो तर यापेक्षा थोडं जास्तच लागलं असतं, कारण घाटात वेग कमी असतो आणि हवा कमी खाते.

८.३०

जेवण झालं. मामेभावाचा फोन, तोही इलेक्ट्रिक घ्यायच्या विचारात. “घाटात फार उतरते म्हणे?” मी म्हटलं, उद्या भाडं पुन्हा महाबळेश्वरचंच आहे, सव्वासहाला घाटाखाली येऊन उभा राहा, शेजारी बस, पण येताना वही-पेन आण. गाडी प्लगला लावली, शंभरवर. वाईतून शंभरवर निघायला हरकत नाही, आधी चढच आहे.