टँगलवूड : गवतावरची सिंफनी

बोस्टनहून पश्चिमेला निघालं की सुमारे अडीच तासांत बर्कशायरच्या टेकड्या लागतात. तिथे लेनॉक्स आणि स्टॉकब्रिज या गावांच्या शिवेवर टँगलवूड ही जुनी इस्टेट आहे. बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचं उन्हाळ्यातलं बिऱ्हाड इथे असतं. नोकरी-शिक्षणासाठी त्या भागात राहणाऱ्या मराठी माणसाला पाश्चात्त्य अभिजात संगीताची गोडी लावून घ्यायची असेल, तर शहरातल्या सिंफनी हॉलपेक्षा ही जागा बरी. हॉलमध्ये खोकलाही दाबून बसावं लागतं. इथे गवतावर आडवं होऊन बीथोवन ऐकता येतो.

मैफलीच्या छपराखाली पाच हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत आणि त्यापलीकडे विस्तीर्ण हिरवळ. हिरवळीवरून मंच धड दिसत नाही, वादन ध्वनिक्षेपकांतून पोहोचतं. पण खरी जत्रा तिथेच. लोक घडीच्या खुर्च्या, सतरंज्या, खाण्याच्या टोपल्या घेऊन वेळेआधीच जागा धरतात. हौशी मंडळी तर बुटकं टेबल मांडतात, त्यावर कापड अंथरून मेणबत्त्या लावतात. सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर मांडी ठोकलेल्या पुणेकरांना हा थाट ओळखीचा वाटेल, वाइनचे पेले वगळता. वादन सुरू झालं की मोठी माणसं गप्प होतात. लहान मुलं होत नाहीत, आणि ते कुणी फारसं मनावर घेत नाही.

या छपराचं श्रेय पावसालाही द्यायला हवं. ऑर्केस्ट्राचे तेव्हाचे संचालक सर्ज कुसेवित्स्की हे रशिया सोडून आलेले. १९३७च्या उन्हाळ्यात त्यांच्या मैफली इथे तंबूत झाल्या. १२ ऑगस्टला वाग्नरचा कार्यक्रम रंगात असताना वादळ आलं. तंबू गळू लागला, वाद्यांपेक्षा पाऊसच मोठ्याने वाजू लागला, वादन थांबवावं लागलं. ती संधी साधून इथल्या संगीत महोत्सवाच्या खंद्या कार्यकर्त्या गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ मंचावर गेल्या आणि पक्क्या वास्तूसाठी त्यांनी झोळी पसरली. त्याच संध्याकाळी हजारो डॉलर जमले.

फिनलंडहून आलेले वास्तुरचनाकार एलिएल सारिनेन यांचा आराखडा मात्र परवडेना. एवढ्या पैशांत नुसती शेड होईल, असं त्यांनी कळवून टाकलं. मग जोसेफ फ्रान्झ या स्टॉकब्रिजच्या इंजिनिअरने आराखडा सोपा करून खरोखर शेडच उभारली: पंख्याच्या आकाराची, बाजूंनी मोकळी. ४ ऑगस्ट १९३८ रोजी बीथोवनच्या नवव्या सिंफनीने तिचं उद्घाटन झालं. जगभरातले नामांकित कलावंत आजही त्या ‘शेड’मध्येच वाजवतात.

१९४०मध्ये कुसेवित्स्कींनी इथे संगीताचं विद्यालय काढलं. लिओनार्ड बर्नस्टाइन पहिल्याच तुकडीतले. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५८मध्ये इथे शिकून गेले. १९८६मध्ये इथेच बर्नस्टाइन यांची रचना त्यांच्याच संचालनाखाली वाजवताना चौदा वर्षांच्या मिदोरीच्या व्हायोलिनची तार तुटली. तिने शेजारच्या वादकाचं व्हायोलिन घेतलं. त्याचीही तार तुटली. तिसऱ्या व्हायोलिनवर तिने वादन पुरं केलं आणि ती वर्तमानपत्रात झळकली.

पहिल्यांदा जाणाऱ्याने शनिवारी सकाळची खुली तालीम गाठावी. संचालक मध्येच थांबवतो, चार ओळी पुन्हा वाजवून घेतो, आणि सिंफनी जुळते कशी ते समोर कळतं. रात्रीच्या मैफलीला थांबणार असाल तर जुलैतही अंगावर स्वेटर हवा.