पडद्यावरची कथा रुळांवर आणताना

चित्रपटगृहात प्रेक्षक खुर्चीत स्थिर असतो आणि चित्रे हलतात. रोलर कोस्टरमध्ये नेमके उलटे घडते. देखावे जागच्या जागी उभे असतात आणि प्रेक्षक त्यांच्यासमोरून वेगाने निघून जातो. अ‍ॅनिमेशनपटाची कथा रुळांवर आणणाऱ्या अभियंत्यांपुढील खरे आव्हान या उलटापालटीतच आहे. अमेरिकेतील ‘इन्क्रेडिकोस्टर’ हे त्याचे बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

कॅलिफोर्निया राज्यातील अनाहाइम येथे, डिस्नेच्या उद्यानात २००१ पासून ‘कॅलिफोर्निया स्क्रीमिन’ नावाचा रोलर कोस्टर होता. जानेवारी २०१८ मध्ये तो बंद करण्यात आला आणि जूनमध्ये नव्या रूपात खुला झाला. नव्या रूपाचा आधार होता ‘द इन्क्रेडिबल्स’ हा २००४ चा, अतिमानवी शक्ती आणि यंत्रमानव यांच्या विज्ञानकल्पनेवर रचलेला चित्रपट. मात्र सुमारे १,८५० मीटर लांबीचा मूळ लोहमार्ग तसाच ठेवण्यात आला.

कारण मार्गाचा आकार कथा नव्हे, तर भौतिकशास्त्र ठरवते. येथे विद्युतचुंबकीय मोटारी गाडीला चार सेकंदांत ताशी ८८ किलोमीटरचा वेग देतात. घर्षण नसते, तरी या वेगाच्या बळावर गाडी सुमारे ३१ मीटरच चढू शकली असती. लूपचा आकारही मनाजोगता ठेवता येत नाही. तो पूर्ण वर्तुळाकार केल्यास आत शिरताना शरीरावर एकदम मोठा दाब येतो. म्हणून आधुनिक लूप तळाशी पसरट आणि माथ्याशी आखूड, अश्रूबिंदूसारखा असतो.

मग कथेला जागा कोठे मिळते? येथे ती प्रामुख्याने बोगद्यांत मिळाली. प्रवाशांच्या किंकाळ्यांचा परिसराला त्रास होऊ नये, म्हणून मूळ मार्गाच्या काही भागांवर नळीसारखी आच्छादने होती. त्यांच्या जागी बंदिस्त बोगदे उभारून आत देखावे मांडण्यात आले. पूर्ण वेगात गाडी सेकंदाला सुमारे २४ मीटर अंतर कापते. एवढ्या अवधीत संवाद समजणे कठीण. त्यामुळे कथानक एका वाक्याचे ठेवले गेले : हातून निसटलेल्या जॅक-जॅक या बाळाचा कुटुंबाने केलेला पाठलाग. हात लांबवून बाळाकडे झेपावणारी आई एका दृष्टिक्षेपात समजते. वेगवान धावणारा भाऊ गाडीच्या सुटण्याच्या टप्प्यात भेटतो, कारण तेथे प्रवाशालाही वेग जाणवतच असतो. मायकेल जियाचिनो यांचे संगीत आणि बिस्किटांचा सुवास डोळ्यांची उणीव भरून काढतात.

एक गोष्ट मात्र कथेच्या अधीन कधीच जात नाही, ती म्हणजे सुरक्षा. मार्गाचे अनेक टप्पे पाडलेले असतात आणि पुढचा टप्पा मोकळा झाल्याविना मागच्या गाडीला प्रवेश मिळत नाही. याच मार्गावर जुलै २००५ मध्ये एक गाडी दुसरीवर मागून आदळली आणि काही प्रवासी किरकोळ जखमी झाले. ब्रेकमधील सदोष झडप त्यास कारणीभूत ठरली होती.

पडद्यावरील नायक भौतिकशास्त्राचे नियम मोडू शकतो. त्याच्या नावाने धावणाऱ्या गाडीला तशी मुभा नाही. बोगद्यातील देखावा बदलता येतो, गाडी थांबवण्याची व्यवस्था मात्र दर फेरीला तितकीच अचूक चालावी लागते.