प्रत उघडून पाहिली का?

घराण्याची वंशावळ संगणकावर : लेखांक ६

मोपा पठारावरच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी विमाने उडू लागली. त्यासाठी मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल या भागांतल्या जमिनी संपादित झाल्या. जमीन संपादनाची नोटीस आली की घरात पहिला प्रश्न निघतो तो वारसांचा. एक-चौदाच्या उताऱ्यावर पणजोबांचे नाव असते, पण त्यांचे आजचे वारस पेडण्यात किती, सावंतवाडीत किती आणि मुंबईत किती, हे कुणालाच धड सांगता येत नाही.

गोव्यात हे उत्तर जरा लांबते. पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेल्या इथल्या वारसा कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. वाटणीसाठी इन्व्हेंटरी करायची तर लेकींच्या शाखाही मांडाव्या लागतात. घरातल्या जुन्या वंशावळीत नेमक्या त्याच शाखा नसतात. म्हणून मागच्या लेखांत आपण सासरची नावे, माहेरची नावे आणि पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदींतले रोमन स्पेलिंग असे सगळे भरत आलो. आता ते सांभाळायची वेळ आली.

बरेच जण वंशावळ जेडकॉम फाइलमध्ये काढून पेनड्राइव्हवर टाकतात आणि निश्चिंत होतात. जेडकॉम हा १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने आणलेला नमुना. एका सॉफ्टवेअरमधली माहिती दुसऱ्यात नेता यावी म्हणून तो निघाला आणि त्या कामाला तो चांगलाच आहे. बॅकअप म्हणून मात्र तो अपुरा पडतो. आजही सर्रास चालणाऱ्या ५.५.१ या आवृत्तीत छायाचित्र नसतेच, ते संगणकावर कुठे ठेवले आहे एवढाच पत्ता असतो. संगणक बदलला की पत्ता राहतो आणि फोटो जातो. २०२१ च्या ७.० आवृत्तीत फोटोंसकट एकच गठ्ठा बांधायची सोय आली, पण ती सगळ्या सॉफ्टवेअरना अजून कळत नाही.

दुसरा घात देवनागरीचा. फाइल काढताना अक्षरांच्या पर्यायात ‘यूटीएफ-८’ निवडा. तिथे ‘एएनएसआय’ राहिले तर ‘सखाराम’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात, आणि त्या प्रश्नचिन्हांतून सखाराम परत काढता येत नाही. पडताळणी सोपी आहे. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक ओळ ०, १, २ अशा आकड्याने सुरू झालेली दिसेल. त्यांतल्या नावाच्या ओळी वाचता आल्या म्हणजे अक्षरे शाबूत आहेत.

खरा बॅकअप सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नमुन्यातच घ्यावा. ग्रॅम्प्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘मेक बॅकअप’ असा पर्याय आहे. तिथे फोटोंसह प्रत निवडली तर ‘जीपीकेजी’ फाइल तयार होते, फोटो वगळले तर ‘ग्रॅम्प्स’ नावाची लहान फाइल. फाइलच्या नावात तारीख घाला आणि जुनीवर नवी चढवू नका.

जुनी प्रत कधी लागते? दोन नोंदी एकत्र केल्यावर. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, त्यामुळे एकाच घरात विठ्ठल पांडुरंग आणि पांडुरंग विठ्ठल आलटून पालटून येत राहतात. सॉफ्टवेअर दोन विठ्ठल पांडुरंग शेजारी आणून ‘हे एकच का?’ असे विचारते. घाईत होकार दिला की आजोबा आणि नातू एक होतात, दोघांच्या बायका एकाच्याच नावावर लागतात आणि मधली पिढी गोत्यात येते. चूक ध्यानात येईपर्यंत महिना उलटलेला असतो, कालच्या प्रतीतही तीच चूक बसलेली असते. म्हणून नोंदी एकत्र करण्याआधी एक प्रत घ्यायचीच.

प्रती किती? तीन. दोन वेगवेगळ्या साधनांवर, म्हणजे संगणक आणि बाहेरची हार्ड डिस्क, आणि एक घराबाहेर. पेडण्याच्या पावसात कपाटातले कागदच काय, पेनड्राइव्हही दमट होतात. गडगडाटासह वीज जाण्याचे तर विचारूच नका. क्लाउडवर ठेवली तरी बाहेरची प्रत झाली. पण पासवर्ड एकाच्याच डोक्यात असेल तर ती असून नसल्यासारखी, घरातल्या आणखी एकाला तो ठाऊक हवा. चवथीला मुंबईची मंडळी गावी येतात, तेव्हा एक डिस्क त्यांच्याबरोबर पाठवावी. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते मात्र बाहेर जाणाऱ्या प्रतीतून वगळा.

एवढे केले तरी एक काम उरतेच. वर्षातून एकदा दुसऱ्या संगणकावर नवी, रिकामी वंशावळ उघडून त्यात बॅकअप आयात करा. माणसांची संख्या मूळ फाइलएवढी आहे का, एखादा जुना फोटो उघडतो का, पर्यायी रोमन नावे आली का, टिपा जाग्यावर आहेत का, हे पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे. ते केले नसेल तर आपल्याकडे बॅकअप आहे असे म्हणू नये.

पुढील लेखांकात : जुने दस्तऐवज स्कॅन करून योग्य नोंदीला कसे जोडावेत.