आधी वासे फिरतात

कोकणात कौलारू घर गळू लागले की दोष कौलांवर येतो. ‘कौले जुनी झाली’ असे म्हणून ती उतरवली जातात आणि घरावर पत्रा चढतो. उतरवलेल्या कौलांची चळत मात्र मागच्या परड्यात उभी असते आणि तिच्यातले एखादे उचलून टिचकी मारली तर ते बहुतेक वेळा खणखणीत वाजते. वाजणारे कौल म्हणजे पक्के भाजलेले, अंगात तडा नसलेले कौल. म्हणजे ज्याला आपण म्हातारे ठरवले ते अजून धडधाकट आहे, आणि गळतीचे मूळ दुसरीकडे आहे. ते मूळ कौलाखालच्या लाकडात आहे, आणि त्याहून जास्त, दरवर्षी होणारी शाकारणी, म्हणजे पावसाआधीची छपराची डागडुजी, बंद पडण्यात आहे.

आधी कौलाचीच बाजू पाहू. आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणतो ते बासेल मिशनने १८६० च्या दशकात मंगळुरात कारखाना काढल्यावर किनाऱ्यावर सर्वत्र पोचले. त्याच्या कडांना खाचा असतात आणि शेजारचे कौल त्यांत अडकून बसते. ही चिकणमाती नऊशे-हजार अंशांच्या आचेवर भाजलेली असते. त्या आचेत मातीचे कण एकमेकांत वितळून जुळतात आणि ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. अमेरिकेतल्या घरांवर डांबराचे थर दिलेले छपराचे तुकडे असतात; उन्हाने त्यांतले तेलकट अंश उडून जातात आणि ते ठिसूळ होतात. भाजलेल्या मातीत उन्हाने उडून जाण्यासारखे काही नसते. थंड मुलखात कौलाच्या छिद्रांतले पाणी गोठते, गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि कौलाचे पापुद्रे काढते. कोकणात पाणी गोठत नाही. इथे कौलाचे खरे शत्रू तीनच. पहिला कच्ची भाजणी. दुसरा समुद्राचा खारा वारा: त्यातले मीठ पाण्याबरोबर छिद्रांत शिरते, वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि कौलाला पोपडे सुटतात. तिसरा शेवाळ, जे झाडाच्या सावलीतल्या पाख्यावर दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवते आणि कौलांच्या सांध्यांत वाढून त्यांना उचलते. पण हे तिन्ही सावकाश काम करतात. चांगल्या कौलाला त्यांनी निकामी करण्याआधी दोन-तीन पिढ्या जातात.

लाकडाला एवढी सवड मिळत नाही. मंगळुरी कौलाचे वजन साधारण अडीच किलो असते आणि भिजल्यावर ते आपल्या वजनाच्या सातव्या-आठव्या भागाइतके पाणी सहज पिते. मध्यम घरावर दोन हजार कौले धरली तर भर पावसात छपरावर सहा-सातशे किलोंचा जादा भार पडतो. कोकणात जून ते सप्टेंबर अनेक ठिकाणी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे हा भार दिवसभरापुरता नसतो, चार महिने मुक्कामाला असतो. त्याखाली रीप, म्हणजे कौले टेकतात ती वाशांवरची आडवी पट्टी, हळूहळू लवते. रीप बोटभर लवली की दोन कौलांमधली खाच सुटते, तिथून थेंब आत येतो आणि नेमका त्याच रिपेवर पडतो. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि ओल्या लाकडाच्या वासाने वाळवी भिंतीतून वर चढते. कुजलेली रीप आणखी लवते, फट आणखी वाढते. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी आपली म्हण आहे. कौलारू घरात मात्र आधी वासे फिरतात, मग घर.

या साखळीला आपण नकळत हातभार लावला आहे. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडे, वाटेत वासे कोरडे ठेवी आणि काजळीमुळे किडीला मज्जाव होई. चूल गेली ते घरातल्या बायकांच्या फुप्फुसांसाठी चांगलेच झाले. पण धुराबरोबर छपराखाली हवा खेळणेही थांबले, कारण खाली आपण बंदिस्त छत ठोकले. दुसरी चूक सिमेंटची. आढ्यावरचे कोने सिमेंटात पक्के बसवले की निर्धास्त वाटते, पण ऊन-पावसाने छप्पर हलते आणि कडक सिमेंट चिरते. त्या चिरेतून पाणी आढ्यापर्यंत जाते आणि आत कोंडून राहते. तिसरी चूक पडवी वाढवताना होते: जागा मिळावी म्हणून उतार कमी ठेवला जातो आणि वाऱ्याबरोबरचे पाणी कौलाखाली उलटे चढते.

यावर पत्र्याची बाजू घेणारे तीन गोष्टी सांगतात आणि तिन्हींत तथ्य आहे. वानरे कौले फोडतात. शाकारणीला माणूस मिळत नाही. वादळात कौले उडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत ते दाखवले. पण त्या वादळात पत्रेही उडाले. वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो आणि ही ओढ वळचणीला, कोपऱ्यांत आणि आढ्यापाशी सर्वांत जास्त असते. तेवढ्या ओळी तारेने बांधल्या तर बराच बचाव होतो; तार ओवण्याची सोय मंगळुरी कौलाच्या पाठीवरच असते. वानरांचा उपद्रव मोठा असेल तिथे कौलांखाली पत्रा घालणे रास्त आहे, फक्त पाण्याची वाट अडू नये म्हणून रीप पत्र्यापासून उचललेली हवी. माणूस मिळत नाही ही अडचण सर्वांत खरी आहे. पण पत्र्यालाही देखभाल चुकत नाही. खाऱ्या हवेत त्याचा जस्ताचा थर आधी खिळ्यांच्या भोकांपाशी जातो आणि गंज तिथून पसरतो. फुटलेले कौल एकट्याने बदलता येते. पत्र्याचा एक कोपरा सडला की आख्खा पत्रा उतरवावा लागतो.

म्हणून कौले बदलण्याआधी मे महिन्यात दोन दिवस छपराखाली घालवावेत. दोन पाखे मिळतात त्या पन्हळीतला पालापाचोळा काढावा, शेवाळ खरवडावे, सरकलेली कौले जागेवर आणावीत आणि नवे कौल घेताना त्याची खाच जुन्याशी जुळते का ते पाहावे, कारण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. मग घरात अंधार करून वर पाहावे: जिथे उजेडाची तिरीप दिसते तिथून पाणी येणार. तिथली रीप हाताने दाबून पाहावी. ती मऊ लागली तर बदलायची ती रीप. कौल पुसून पुन्हा वर चढवावे.