पडलेल्या फणसाचे पाट

पावसाळ्यात उन्मळून पडलेला फणस सरपणाला तोडू नका. त्याच्या पिवळ्याधमक, पुढे तपकिरी होत जाणाऱ्या लाकडाचे उत्तम पाट होतात. फक्त घाई नको.

ओल्या ओंडक्याच्या कापलेल्या टोकांतून पाणी सर्वांत लवकर उडतं. टोकं आकसतात, आतला भाग फुगलेलाच राहतो आणि तडे जातात. म्हणून झाड कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना वितळलेलं मेण किंवा जाड ऑइलपेंट फासावा. शिवाय लाकूड वर्तुळांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आकसतं. अख्खा ओंडका वाळवला तर तो फाटणारच. त्यामुळे गाभा मधोमध चिरून लवकर फळ्या पाडून घ्याव्यात. झाड रस्त्याकडेचं असेल तर आधी खिळे शोधा. जाहिरातींच्या पाट्या ठोकणाऱ्यांना सॉ मिलवाल्यांच्या शिव्या उगाच बसत नाहीत!

फळ्या सावलीत, वारा खेळेल अशा, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन रचाव्यात. पट्ट्या एकाखाली एक हव्यात, नाहीतर फळीला बाक येतो. बाहेरचं फिकट लाकूड काढून टाकलेलं बरं, त्यातल्या पिष्टावर भुंगेरे टपलेले असतात.

इंचभर जाडीला वर्षभर, हा ढोबळ हिशेब. खात्री हवी तर फळीच्या मधला तुकडा वजन करून भट्टीत पूर्ण वाळवा. १२० ग्रॅमचा १०० झाला, तर ओलावा २० टक्के. घरातल्या वस्तूसाठी तो १२च्या आसपास यायला हवा.